आजोबांच्या कॅसेट 'साफ' करायच्या आधी

आजोबांनी टेप केलेल्या गाण्याच्या बैठकींच्या चाळीसेक कॅसेट सापडल्यात, खरखर काढून चार रसिकांना ऐकवायच्यात, तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि २०१९ चा मीच डोळ्यांपुढं उभा राहिलो.

ऑगस्टचा महापूर. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं होतं. वडिलांच्या कॅसेट माडीवर होत्या म्हणून वाचल्या. गाळ काढून झाल्यावर ठरवलं, आता हे सगळं कम्प्युटरवर घ्यायचंच. डेकची (कॅसेट वाजवायच्या यंत्राची) वायर कुठं लावायची वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला कुणीही सांगेल.

माझा घात झाला तो खरखर काढताना. सॉफ्टवेअरमधल्या त्या सोयीचं काम असं चालतं: नुसती खरखर असलेला दोन-चार सेकंदांचा तुकडा आधी दाखवायचा, मग त्याच्यासारखं जे जे सापडेल ते अख्ख्या रेकॉर्डिंगमधून दाबलं जातं. मी गवयानं षड्ज (सा) लावायच्या आधीचा तुकडा दाखवला. गाणं सुरू नाही, म्हणजे खरखरच असणार! अहो, तिथं दोन तानपुरे वाजत होते. सॉफ्टवेअरनं इमानेइतबारे तानपुरेच पुसले, आणि जिथं जिथं गवई षड्ज-पंचमावर, म्हणजे तानपुऱ्याच्याच स्वरांवर, थांबला तिथं त्याचाही आवाज कुरतडला. मला मात्र वाटत होतं, काय स्वच्छ झालंय! अशा एकतीस कॅसेट केल्या. मूळ फायली जागा खातात म्हणून उडवल्या.

मग मोठ्या हौसेनं ओळखीच्या रसिकांना वाटल्या. तिसऱ्या दिवशी मिरजेच्या एका जुन्या श्रोत्यांचा फोन: "गाणं झकास आहे हो, पण तानपुरा कुणी चोरला?" त्या रात्री हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. जेवण गेलं नाही.

पुन्हा कॅसेटवरून घ्यायचं म्हटलं, तर कॅसेट घरात होत्या कुठं? 'डिजिटल झालंय आता' म्हणून एका संस्थेला देऊन टाकल्या होत्या. (बाहेरगावची संस्था, नाव घेत नाही. इथल्या कुणावर उगाच संशय नको.) अर्ज केला. उत्तर आलं, विहित नमुन्यात नाही. नमुना मागितला, तर तो म्हणे कार्यकारिणी ठरवणार. कार्यकारिणीची बैठक कोरमअभावी तहकूब. म्हटलं परत नकोत, दोन दिवस उसन्या द्या. नाहीतर मीच डेक घेऊन येतो, तुमच्यासमोर बसून करतो. तर खासगी उपकरणांना आवारात परवानगी नाही! दोन वर्षांनी नऊ कॅसेट हातात पडल्या, त्यातल्या तीन बुरशीनं पांढऱ्या झालेल्या. पावती घेतली नव्हती, त्यामुळं बाकीच्यांबद्दल भांडायलाही तोंड नाही.

तेव्हा माझं मत, पटलं तर घ्या: खरखर काढूच नका. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ ला व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, ती जुन्या तबकडीवरचीच. आपल्या कानांना पाच मिनिटांत खरखरीची सवय होते. तानपुरा गेल्याची होत नाही. काढायचीच हौस असेल तर प्रतीवर करा. मूळ फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला घेतली तर तासाला साधारण १ जीबी होते. हार्ड डिस्क त्या मानानं स्वस्त आहे, दोन घ्या आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवा. नदीकाठी राहत असाल तर हे वेगळं सांगायला नको.

दुसरं, डेकचा वेग बघा. सहा टक्के जास्त पळाला की पेटीच्या काळी एक पट्टीतला षड्ज शेजारच्या पांढरी दोनवर जातो आणि बुवा उगाच तरुण वाटायला लागतात. घरात पेटी असेल तर हार्मोनियमच्या साथीशी स्वर ताडून बघा. पण बैठकीतली पेटी तरी कुठं नीट सुरात लावलेली असायची, त्यामुळं हा अंदाजच. कॅसेटच्या पाठीच्या दोन्ही बारक्या टॅब आधी मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही टेप व्हायचं नाही. आमच्याकडं एका मारवा रागाच्या मध्येच बारशाचा पाळणा आहे.

आणि वाटण्याआधी परवानगीचं बघा. मी वकील नाही, पण प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडं प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं धरतात. घरगुती बैठकीचं प्रकरण वेगळं. मी कलाकाराच्या घरी फोन करून विचारतो. बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात, आणि एक प्रत मागतात.

कव्हरवर आजोबांनी काय लिहिलंय त्याचे फोटो आधी काढून ठेवा. कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखाँसाहेब यांच्यामुळं कोल्हापूरच्या जुन्या घरांत जयपूर घराण्याचे अनवट (क्वचित गायले जाणारे) राग निघतात. आमच्या हरवलेल्या कॅसेटांत एका बाजूला असाच एक राग, खोकर होता. तुमच्याकडं कुठल्या कव्हरवर तो दिसला तर कॅसेट डेकमध्ये घालू नका, आधी मला कळवा. साफसफाईचं आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि माझा डेक घेऊन मीच येतो.