भिंत फोडण्याआधी आतलं कार्ट्रिज बघा

शॉवर लावला तरी अर्धं पाणी खालच्या स्पाउटमधूनच पडतं, बंद केल्यावरही थेंब थांबत नाहीत आणि प्लंबर म्हणतो टाइल्स फोडून डायव्हर्टरची (पाणी शॉवरकडे किंवा स्पाउटकडे वळवणाऱ्या भिंतीतल्या नळाची) अख्खी बॉडी बदला, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या फ्लॅटमध्ये थेट हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. मी प्लंबर नाही, पण एवढं ठामपणे सांगेन: आतले भाग काढून हातात घेतल्याशिवाय कुणालाही भिंतीला छिन्नी लावू देऊ नका.

भिंतीत गाडलेली बॉडी पितळेची असते, ती सहसा बिघडत नाही. झिजतं ते कार्ट्रिज, म्हणजे आतल्या सिरॅमिकच्या चकत्या आणि रबरी सील. थेंब थांबत नाहीत ते त्यामुळे. पाणी दोन्हीकडे फुटतं ते डायव्हर्टरच्या बटणामागचा स्पिंडल (पाणी वळवणारा दांडा) नीट बसत नाही म्हणून. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्षार साचून दोन्ही लवकर जातात. आणि दोन्ही भाग समोरून निघतात.

आम्हाला हे त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने सांगायला हवं होतं. नाव घेत नाही. त्यांचा माणूस आला, लिव्हर दोनदा वरखाली केला आणि ‘मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही, बॉडीच बदला’ म्हणून निघून गेला. लिव्हरचा स्क्रूसुद्धा खोलला नाही. संध्याकाळी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज! भिंत फोडली, त्या शेडची टाइल बाजारात कुठेच मिळाली नाही, वॉटरप्रूफिंग गेलं आणि खालच्या काकूंच्या छताला ओल आली. नव्या बॉडीपेक्षा कितीतरी जास्त पैसे या निस्तरण्यात गेले. पुढे जुनी बॉडी घेऊन पुण्याच्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात गेलो, तर दुकानदाराने काउंटरवरच कार्ट्रिज काढलं, व्हर्नियर (व्यास मोजायचं माप) लावला, ‘४० मिमी’ म्हणाला आणि ड्रॉवरमधून तसंच नवं काढून समोर ठेवलं. याचा राग अजून जात नाही.

तर आता तुमचं. पाणी बंद करताना गीझरचा इनलेटही बंद करा, नाहीतर गरम बाजूने अंगावर येईल. लिव्हरवरचं लाल-निळं टोपण नखाने काढलं की खाली ॲलन कीचा (षटकोनी चावीने फिरणारा) बारीक स्क्रू दिसेल. लिव्हर आणि क्रोमचं कव्हर काढलं की पितळी रिंग नट. पान्ह्याखाली फडकं धरून तो सोडवा, कार्ट्रिज सरळ ओढून बाहेर येतं. बहुतेक ३५ किंवा ४० मिमीचं असतं, पण नुसत्या व्यासावर विकत घेऊ नका. उंची आणि तळाच्या पिनांची जागाही जुळली पाहिजे. जुनं सोबत न्याच. स्पिंडलचंही तेच. सीलला व्हॅसलीन लावू नका, काही रबरं त्याने फुगतात. सिलिकॉन ग्रीस घ्या. क्षार काढायला पांढरं व्हिनेगर पुरतं. बाथरूमचं ॲसिड क्रोम खातं.

डायव्हर्टरची खुंटी भिंतीवर नसून स्पाउटवरच असेल (अशा स्पाउटला टिपटन म्हणतात), तर दोष तिथेच असू शकतो आणि नुसता स्पाउट बदलून काम होतं. ती खुंटी पाण्याच्या दाबावर वर टिकते. सर्वात वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम तीन मीटर उंच असेल तर दाब ०.३ बारच्या आसपास मिळतो, अशा वेळी धडधाकट खुंटीही खाली पडते.

बाथरूम कोरडं असतानाही भिंतीबाहेर किंवा खालच्या छताला ओल वाढत असेल तर मात्र माझं म्हणणं बाजूला ठेवा. तेव्हा पाइपच्या जोडाचा संशय खरा असू शकतो, पण तोही आधी हातपंप आणि गेज लावून प्रेशर टेस्टने (पाइपमध्ये दाब भरून तो उतरतो का बघून) तपासून घ्या. कार्ट्रिज निघालं की तळाच्या पिना दिसतील असा फोटो टाका, बघून सांगतो.