घर घेताना: डोंबिवलीच्या जुन्या सोसायट्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

रामनगरमध्ये १९९१ सालच्या, तळ अधिक तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके पाहिला आहे. घर आतून नवं केलेलं आहे. एजंट म्हणतो, कागद क्लिअर आहेत. आम्ही काय तपासावं? (वाचक, दिवा)

फ्लॅट आतून नवा केलेला असेल तर त्यात पाहण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. नवं प्लॅस्टर, पीओपी आणि टाइल्सखाली सगळं झाकलं जातं. म्हणून आधी तळमजला, जिना, डक्ट (पाइप जाण्यासाठी सोडलेली उभी मोकळी जागा) आणि गच्ची पाहा.

तळमजल्यावर पाण्याच्या टाकीजवळचे आणि संडास-बाथरूमच्या पाइपलगतचे कॉलम म्हणजे खांब बघा. प्लॅस्टरवरच्या केसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या भेगांनी घाबरू नका. पण कॉलमवर उभी सरळ भेग असेल, किंवा बीमच्या (आडव्या तुळईच्या) खालच्या अंगाला लांबीला समांतर भेग जाऊन तिच्यातून तपकिरी डाग उतरला असेल, तर आतली सळई गंजली आहे असं समजा. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडतं. त्या काळच्या बऱ्याच इमारतींत सळईवर काँक्रीटचं आवरण कमी ठेवलेलं असतं, त्यामुळे हे लवकर सुरू होतं. अशा जागी नुसतं सिमेंट थापून रंग मारलेला असेल तर तो रोग बरा झालेला नाही, फक्त झाकलेला आहे.

मग खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जा आणि त्यांच्या बाथरूमचं छत दाखवायची विनंती करा. पुढेमागे गळतीवरून भांडण होणार असेल तर ते तुमच्या नहाणी ट्रॅपवरून, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या पाणी जायच्या तोंडावरून होईल. मालक तयार असेल तर ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दीड-दोन इंच पाणी भरा, २४ तास ठेवा आणि खाली जाऊन पुन्हा बघा. मालक याला नाही म्हणाला तर दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा करूनच बोलणी करा.

गच्चीवर पत्र्याची शेड दिसली तर दोन गोष्टी विचारा: परवानगी घेतली होती का, आणि शेड टाकायच्या आधी वॉटरप्रूफिंग केलं होतं की तेच टाळण्यासाठी शेड घातली?

आता कागद. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुमची इमारत दुसऱ्या गटातली आहे. सेक्रेटरींकडे अहवाल मागा आणि त्यात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ सेल यांपैकी काही (काँक्रीटची ताकद आणि सळईचा गंज तपासणाऱ्या) चाचण्या झाल्या आहेत का बघा. नुसत्या नजरेनं पाहून लिहिलेला दोन पानी अहवाल फारसा उपयोगाचा नाही. त्याबरोबर मागच्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं वाचा. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी, टँकरचं बिल, थकबाकीदार, कोर्टातली प्रकरणं हे सगळं एजंट सांगत नाही, इतिवृत्तात मात्र असतं.

विक्रेत्याकडून घ्यायचं ते असं: बिल्डरपासून आजपर्यंतच्या करारांची अखंड साखळी, प्रत्येकाचा इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कर आणि मेंटेनन्सच्या पावत्या. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींचा शोध, करून घ्या. जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, सोसायटीच्या नावावर झालं आहे का तेही विचारा. नसेल तर सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालक किंवा बिल्डर असतो. कायद्यातल्या २००८ च्या दुरुस्तीपासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरनं टाळलं तरी कन्व्हेयन्स मिळवायची सोय आहे, पण तो खटाटोप सोसायटीला करावा लागतो.

डोंबिवलीच्या जुन्या घरांत एक घोळ वारंवार दिसतो. शेअर सर्टिफिकेटवर नाव वडिलांचं, ते हयात नाहीत, आणि नॉमिनी म्हणून नाव लागलेला मुलगा घर विकतोय. नॉमिनी हा मालक नव्हे. इतर वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, किंवा ते विक्री करारात सहीला येणार नसतील, तर टोकनसुद्धा देऊ नका.

करारात ५२० चौरस फूट लिहिलं आहे, घर तेवढं वाटत नाही. कशाचे पैसे देतोय आम्ही? (वाचक, ठाकुर्ली)

टेप घेऊन जा. प्रत्येक खोली आतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. त्या काळचा वन बीएचके साधारण असा भरतो: हॉल १०×१४ म्हणजे १४०, बेडरूम १०×११ म्हणजे ११०, स्वयंपाकघर ७×९ म्हणजे ६३, बाथरूम २४, संडास १२, पॅसेज २१. बेरीज ३७० चौरस फूट. हे कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. वर २० टक्के धरले तर बिल्ट-अप, म्हणजे भिंतींसकटची जागा, ४४४ होतं. उरलेले ७६ फूट सामाईक जिना आणि पॅसेजच्या वाट्याचे.

समजा घर ४८ लाखांचं आहे. ४८ लाख भागिले ५२० केले तर चौरस फुटाचा दर ९,२३० रुपये दिसतो. कार्पेटवर तोच १२,९७० होतो. दोन घरांची तुलना कायम कार्पेटवरच करा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशन भिंतींची जाडी धरतात, बाल्कनी धरत नाहीत. म्हणून नव्या इमारतीचा आकडा तुमच्या टेपच्या आकड्यापेक्षा थोडा मोठाच येणार.

हॉल प्रशस्त वाटला तर मंजूर नकाशा उघडा. बहुतेक वेळा बाल्कनी आत घेतलेली असते.

४८ लाखांच्या घरासाठी हातात किती रक्कम हवी? (वाचक, बदलापूर)

३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणजे इथे ३८ लाख ४० हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत. तेव्हा ९ लाख ६० हजार स्वतःचे. मुद्रांक शुल्क हिशेबाला ७ टक्के धरा: ३ लाख ३६ हजार. सगळे खरेदीदार महिला असतील तर १ टक्का सूट, म्हणजे ४८ हजार वाचतात. नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर ही सूट बसत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (घर नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. ते कोणी भरायचं हे बोलणीतच ठरवा. ‘इमारत निधीसाठी ऐच्छिक देणगी’ म्हणून लाखभर मागितले तर उपविधी पुढे करा. एजंटचे एक-दोन टक्के मिळवले की हातात १४ लाख तरी हवेत.

हे सगळं बँकेचं मूल्यांकन ४८ लाख आलं तर. जुन्या इमारतीत, त्यातही ओसी नसताना, ते कमी येतं किंवा बँक कर्जाची मुदत आखडते. म्हणून टोकन देण्याआधी बँकेच्या माणसाला घर दाखवा.

मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडी रेकनरची (सरकारी दराप्रमाणे येणारी) किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. रेकनरप्रमाणे किंमत ५० लाख किंवा वर गेली तर सौदा ४८ चा असला तरी १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या पैशांतला कर, कापून भरायची जबाबदारी तुमची. विक्रेता अमेरिकेत किंवा दुबईत स्थायिक असेल (टिळकनगरात अशी कुलूपबंद घरं पुष्कळ आहेत) तर ५० लाखांची मर्यादाच नाही आणि टीडीएसचा दर बराच जास्त. तिथे सीएशिवाय पुढे जाऊ नका.

नव्या इमारतीला महारेरा (रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) क्रमांक आहे. मग निश्चिंत व्हायचं ना? (वाचक, डोंबिवली पश्चिम)

नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेरा क्रमांक मिळवले होते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घरं घेतलेल्यांकडेही क्रमांक होताच. महारेराच्या पोर्टलवरून बांधकाम परवानगी उतरवून घ्या, तिचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि लेखी खातरजमा मागा. सर्व्हे नंबर सात-बाराशी जुळवा. दर बाजारापेक्षा फारच कमी, मोठी बँक कर्जाला तयार नाही आणि बिल्डर स्वतःच एखादी फायनान्स कंपनी सुचवतो, असं तिन्ही जुळून आलं तर परत फिरा. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला कायद्यानं बंदी आहे.

‘दोन वर्षांत रिडेव्हलपमेंट होणार’ म्हणून मालक चार लाख जास्त मागतोय. द्यावेत? (वाचक, ठाणे)

टेप घेऊन आता रस्ता मोजा. ९ मीटरपेक्षा अरुंद गल्लीत टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क) सहसा वापरता येत नाही. प्लॉट लहान, त्यात इमारतीभोवती मोकळी मार्जिन सोडायची, आणि असलेल्या सभासदांनाच जास्त जागा द्यायची. बिल्डरला विकायला काही उरत नाही. अशा गल्लीत दोन-तीन सोसायट्या एकत्र आल्या तरच गणित जमतं, आणि शेजारच्या सोसायटीशी पार्किंगवरून बोलणं बंद असेल तर ते किती सोपं आहे हे तुम्हीच ठरवा. विकासकाशी नोंदणीकृत करार झालेला नसेल तर चार लाख देऊ नका.

स्टेशनपासून किती लांब घर चालेल? पार्किंग आणि पाण्याचं काय? (वाचक, अंबरनाथ)

सकाळी आठला स्वतः चालून बघा, पुलाच्या पायऱ्यांसकट. रिक्षाच्या रांगेतली मिनिटंही धरा. स्टेशनपासून १२ मिनिटांच्या आत पायी जाता येत असेल तर लिफ्ट नसलेला दुसरा मजलाही चालवून घ्यावा. आईवडील सोबत राहणार असतील तर मात्र नाही.

स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. त्यामुळे ‘पार्किंगसह’ असं विक्रेता म्हणाला तरी वाटप सोसायटीच करणार. पाणी किती वेळ आणि किती वाजता येतं हे इस्त्रीवाल्याला किंवा वॉचमनला विचारा.

एमआयडीसी निवासी विभागात घरं मोठी आणि गल्ल्या रुंद आहेत. पण फेज २ मध्ये मे २०१६ आणि मे २०२४ ला मोठे स्फोट झाले, आणि लांबवरच्या इमारतींच्याही काचा फुटल्या. तिकडचं घर पाहायला रात्री अकरानंतर एकदा जा आणि खिडकी उघडून उभे राहा. वास येत असेल तर तो त्या वेळी जास्त जाणवतो.