कापूस विकल्यावर देतो म्हणणाऱ्याला काय सांगू?

प्रश्न : नमस्कार ताई. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ माझं टॅटूचं दुकान आहे, तीन वर्षं झाली, शिकलो नागपूरला. काम येतं पण गिऱ्हाईक अर्धे ओळखीचे, अर्धे नात्यातले. "भाऊ, कापूस इकला का देतो ना, पैशे कुठी पळून चालले का" म्हणतात आणि दिवाळी गेली तरी फिरकत नाहीत. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर डिझाइन पाठवतात, उत्तर नाही दिलं की सकाळी चारचौघांत "मोठा आर्टिस्ट झाला बे तू". परवा एकाच्या खांद्यावर महादेव काढला, त्यानं दुसऱ्याच दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घेतला, पट्ट्यानं घासून खपली निघाली, सोबत रंगही गेला. आता म्हणतो फुकटात करून दे. नाही म्हटलं तर गावात नाव खराब. काय करू?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून मला माझी आजी आठवली. तिच्या हातावर तुळस आणि विंचू होता, जत्रेत गोंदलेला. ती सांगायची, गोंदणारी बाई आधी ज्वारी सुपात घ्यायची आणि मगच सुई काढायची, पोरगी अर्ध्यात रडत पळाली तरी ज्वारी वापस नाही. तुमची गोची तिथंच आहे, तुम्ही सगळं सुई टेकल्यावर बोलता. पहिली रेघ ओढली का मग अर्धा महादेव कोणाच्या खांद्यावर सोडून देता येते का? तो उधार म्हणो नाहीतर डिझाइन बदल म्हणो, तुम्ही अडकले.

म्हणून तारीख देतानाच निम्मे पैसे घ्या. ॲडव्हान्स म्हटलं का लोकांना शहरी माज वाटते, तुम्ही इसार म्हणा. बैलबाजारात इसार दिल्याशिवाय कोणी जोडी धरून ठेवत नाही, हे तुमच्या गिऱ्हाइकाला तुमच्यापेक्षा जास्त समजते. बाकीचे पैसे स्टेन्सिल (कातडीवर डिझाइनचा कच्चा छाप) लावून आरशात दाखवलं का घ्या, मशीन सुरू करायच्या आधी. बदल सांगायचा तोही तेव्हाच, स्टेन्सिल पुसता येते, शाई नाही.

पंपवाल्याचं बोलू. पंप उचलू नको असं तुम्ही त्याला आधी सांगितलं होतं का? पत्रात तसं काही दिसत नाही. नसेल सांगितलं तर चूक अर्धी तुमची, जखम पूर्ण भरू द्या, महिनाभर थांबा आणि एकदा करून द्या, राग न धरता. यापुढे मात्र कागदावर लिहून हातात द्या: दोन-तीन आठवडे पंप नाही, विहिरीत उडी नाही, खाजवणं नाही. ताजा टॅटू म्हणजे उघडी जखमच, त्यावर औषध उडालं तर? 2017 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले, हे वेगळं सांगायला नको.

अठराच्या आतला पोरगा आणि पिऊन आलेला माणूस, दोघांनाही सरळ नाही म्हणा, कितीही जवळचा असो. भरतीची तयारी करणारा आला तर आधी विचारा. सैन्यात कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो, बाकी ठिकाणी असला तर पोराचं नुकसान (आदिवासी पोरांना परंपरेच्या गोंदणाची सूट आहे, ते वेगळं). नेहमी रक्तदान करणारा असेल तर त्यालाही सांगा का टॅटूनंतर 12 महिने रक्त घेत नाहीत.

व्हॉट्सॲपचं तर सोपं आहे, दुकानाचं सिम वेगळं घ्या आणि बिझनेसवालं ॲप टाका, रात्री आठनंतर दुकान बंदचा मेसेज आपोआप जाते. चारचौघांत टोमणा मारणारा टोमणा मारणारच, त्याला चहा पाजा.

मामाच्या पोराचं फुकट करायचं तर खुशाल करा, पण नवीन सुईचं पाकीट त्याच्यासमोर फोडा आणि हे केवढ्याचं आहे ते सांगा.

राहिली मागची उधारी. अर्धी बुडाली समजा. उरलेली मागायला ज्या दिवशी त्याची कापसाची गाडी जिनिंगवर लागते त्या दिवशी जा, दुसऱ्या दिवशी जाऊन काही हाती लागत नाही.