बेअर्सनी दहाव्या नंबरला कोणाला घ्यावं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) २४ एप्रिल २०२५ ला ग्रीन बेमध्ये सुरू होतोय आणि शिकागोकडच्या वाचकांनी एवढे प्रश्न पाठवलेत की या वेळचं अख्खं सदर त्यांच्या टीमला, बेअर्सलाच दिलंय. ज्यांनी मागचा सीझन बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिल्या सहापैकी चार मॅचेस जिंकल्या, मग सलग दहा हरल्या, शेवटच्या मॅचला ग्रीन बे पॅकर्सना त्यांच्याच मैदानावर २४-२२ असं हरवलं, एकूण ५-१२. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटविरुद्ध शेवटची अर्धी मिनिट टाइमआउट हातात असून घड्याळ संपू दिलं आणि दुसऱ्याच दिवशी हेड कोच मॅट एबरफ्लूसना काढलं, सीझन चालू असताना हेड कोचला काढायची बेअर्सच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. जानेवारीत बेन जॉन्सन आले, तेच जे डेट्रॉइट लायन्सचं ऑफेन्स (चढाईची बाजू) चालवायचे.

प्रश्न : मुलगा शिकागोला असतो म्हणून मी पण मॅचेस बघायला लागले. हा ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या ऑक्शनसारखंच का? – सुनीता, पुणे

नाही सुनीताताई, इथे बोलीच लागत नाही. कॉलेजमधून येणारी पोरं असतात आणि ३२ टीम्स आपापल्या नंबरप्रमाणे एकेकाला निवडतात, ज्या टीमचा सीझन सगळ्यात वाईट गेला तिचा नंबर पहिला आणि जी सुपर बोल जिंकली तिचा शेवटचा. सात राऊंड, २०२५ ला एकूण २५७ निवडी, तीन दिवस. पहिल्या राऊंडला २०२५ मध्ये प्रत्येक टीमला विचार करायला १० मिनिटं. पगारही जवळपास ठरलेला असतो, कितव्या नंबरला निवडलं त्यावरून, आणि करार चार वर्षांचा. म्हणून तर ड्राफ्ट एवढा महत्त्वाचा, कारण सगळ्या टीम्सना पगाराची मर्यादा सारखीच, २०२५ ला प्रत्येकी २७ कोटी ९२ लाख डॉलर, त्यात ५३ जणांची टीम बसवायची. एक चांगला पोरगा चार वर्षं स्वस्तात मिळाला की वाचलेल्या पैशात दोन अनुभवी माणसं आणता येतात.

बेअर्सकडे १०, ३९, ४१, ७२, १४८ आणि अगदी शेवटी २३३ आणि २४० असे सात नंबर आहेत. यातला ३९ वा मुळात कॅरोलायनाचा. २०२३ ला बेअर्सनी आपला पहिला नंबर कॅरोलायनाला दिला होता, त्याच्या बदल्यात डीजे मूर आला, बरेच पिक्स (निवडीचे नंबर) आले, त्यातला हा शेवटचा राहिलाय.

प्रश्न : आपल्या क्वार्टरबॅकला (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू), केलेब विल्यम्सला, ६८ सॅक झाले. आता थुनी, जॅक्सन, डालमन तिघं आलेत. मग लाईनचं (त्याला राखणाऱ्या पुढच्या फळीचं) काम झालं ना? पुन्हा दहाव्या नंबरला लाईनमन कशाला? – निखिल, नेपरव्हिल

निखिल, माझं सगळं म्हणणं तुझ्याच प्रश्नात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी ६८ सॅक, म्हणजे बॉल फेकायच्या आत क्वार्टरबॅकला ६८ वेळा पाडणं, हे किती ते बघ. आजवर एका सीझनमध्ये सगळ्यात जास्त सॅक डेव्हिड कारला झाले, २००२ ला, ७६. ती टीम तेव्हा नवी कोरी होती, पहिलाच सीझन. इकडे बेअर्सची टीम शंभर वर्षं जुनी, ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरला घेतलेला पोरगा, आणि त्याला दर रविवारी जमिनीवर आपटताना आपण बघत बसलो. नोव्हेंबरमध्ये पेट्रियट्सविरुद्ध सोल्जर फील्डवर एकाच मॅचमध्ये ९ वेळा पाडला त्याला. त्या दिवशी डावीकडचा ब्रॅक्सटन जोन्स आणि उजवीकडचा डार्नेल राईट दोघंही दुखापतीने बाहेर होते. एवढं सगळं सोसून त्याने ३५४१ यार्ड्स आणि २० टचडाऊन काढले, इंटरसेप्शन (फेकलेला बॉल समोरच्यांच्या हाती जाणं) फक्त ६, म्हणजे पोरात दम आहे यात मला तरी शंका नाही. काही सॅक त्याच्याही नावावर जातात हे खरं, बॉल जास्त वेळ हातात धरून ठेवतो, पण समोरून आणि मधूनच भिंत कोसळत असेल तर पुढे पाऊल टाकून थ्रो करायला जागाच कुठे उरते?

जनरल मॅनेजर रायन पोल्सनी मार्चमध्ये हेच मधलं भगदाड बुजवलं आणि मला ते मनापासून आवडलं. जो थुनी कॅन्सस सिटी चीफ्सकडून आला, त्याच्यासाठी फक्त पुढच्या वर्षीचा चौथ्या राऊंडचा पिक दिला, आणि हा माणूस चार सुपर बोल जिंकलेला आहे, दोन न्यू इंग्लंडकडून, दोन कॅन्सस सिटीकडून. जोना जॅक्सन रॅम्सकडून सहाव्या राऊंडच्या पिकच्या बदल्यात मिळाला, तो डेट्रॉइटला जॉन्सनच्याच हाताखाली खेळलाय त्यामुळे त्याला पद्धत माहितीये. ड्रू डालमन सेंटर, अटलांटाहून, तीन वर्षं ४ कोटी २० लाख डॉलर. म्हणजे दोन गार्ड आणि सेंटर, मधले तिन्ही नवे.

पण कडेचं काय? टॅकल म्हणजे लाईनच्या टोकाचा माणूस, आणि डावा टॅकल ही क्वार्टरबॅकच्या पाठीमागची बाजू, केलेब उजव्या हाताने फेकतो, तिकडून येणारा माणूस त्याला दिसतच नाही. ब्रॅक्सटन जोन्स पाचव्या राऊंडमधला पोरगा, त्या मानाने खूपच चांगला निघाला, पण डिसेंबरमध्ये त्याचा घोटा मोडला आणि त्याच्या कराराचं हे शेवटचं वर्ष आहे. किरान अमेगाजी येलचा, मागच्या वर्षी तिसऱ्या राऊंडला घेतला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दुखापत, मिनेसोटाविरुद्ध सोमवारी रात्री त्याला उतरवलं तर पार गोंधळ उडाला. त्याला वेळ दिला पाहिजे, पण केलेबची पाठ त्याच्या भरवशावर सोडता येणार नाही.

कोणी म्हणतं थुनीला टॅकलला हलवा, त्याने चीफ्ससाठी गेल्या सीझनच्या शेवटी केलंच होतं की. केलं होतं, आणि सुपर बोलमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं, ईगल्सनी चीफ्सच्या क्वार्टरबॅकला, मॅहोम्सला, ६ वेळा पाडलं आणि मॅच ४०-२२ अशी गेली. चांगल्या गार्डला कडेला नेलं की गार्डची जागा पण कच्ची होते आणि कड पण. थुनीला आहे तिथेच राहू द्या.

म्हणून माझी पहिली पसंती टॅकल. एलएसयूचा (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) विल कॅम्पबेल दहापर्यंत राहिला तर डोळे झाकून घ्यावा. त्याचे हात ३३ इंचांपेक्षा थोडे कमी भरले म्हणून बरेच जण त्याला गार्ड करायला निघालेत, पण तीन वर्षं त्याने देशातल्या सगळ्यात कठीण कॉन्फरन्समध्ये डावीकडेच खेळून दाखवलंय, मॅचच्या व्हिडिओपेक्षा मोजपट्टीला जास्त मान देणं मला पटत नाही. तो जाईल असंच वाटतं. मग टेक्ससचा केल्व्हिन बँक्स, तो पण तीन वर्षं डावा टॅकल. मिझुरीचा अर्मांड मेंबू तब्येतीने आणि वेगाने कदाचित या सगळ्यांत भारी, पण कॉलेजमध्ये खेळला उजवीकडे, आणि उजवीकडे आपल्याकडे राईट आहे, त्यामुळे कोणाला तरी बाजू बदलावी लागणार. तरी मेंबू उरला तर मी तक्रार करणार नाही.

प्रश्न : ॲश्टन जेंटी! सगळे म्हणतायत तो पिढीतून एकदा येणारा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) आहे. वॉल्टर पेटनच्या टीमने असा पोरगा सोडायचा? – अमेय, ऑरोरा

अमेय, पेटन म्हणजे बेअर्सचा दिग्गज रनिंग बॅक, त्याचं नाव काढलंस की माझं पण मन विरघळतं. आणि जेंटी खरंच विलक्षण आहे, बॉयसी स्टेटकडून एका सीझनमध्ये २६०१ यार्ड्स, बॅरी सँडर्सचा १९८८ चा रेकॉर्ड फक्त २७ यार्डांनी राहिला. पहिला धक्का लागल्यावर तो पडतच नाही, तोल सांभाळून पुढे जातो.

तरी दहाव्या नंबरला नको असं माझं मत. आपल्याच डीआंद्रे स्विफ्टकडे बघ. २०२३ ला ईगल्सकडे होता तेव्हा १०४९ यार्ड्स, दर रनला ४.६. तोच माणूस मागच्या वर्षी आपल्याकडे, ९५९ यार्ड्स, सरासरी ३.८. आणि स्विफ्टच्या जागी ईगल्सनी सॅक्वॉन बार्कलीला आणलं, जो त्याच्या आदल्या वर्षी जायंट्सकडे ९६२ वर अडकला होता, तो त्या लाईनमागे २००५ यार्ड्स पळाला. बार्कली मोठा खेळाडू आहेच, पण जायंट्सकडेही तो तेवढाच मोठा होता ना?

तू म्हणशील डेट्रॉइटने २०२३ ला जमीर गिब्स या रनिंग बॅकला १२ व्या नंबरला घेतलंच होतं. बरोबर, पण तेव्हा त्यांच्याकडे पेनेई सूएल, टेलर डेकर, फ्रँक रॅग्नो हे लाईनमन आधीपासून उभे होते. आपली लाईन अजून एकत्र एक मॅच खेळलेली नाही. शिवाय यंदा रनिंग बॅक भरपूर आहेत, ओहायो स्टेटचेच दोघं, ट्रेव्हियॉन हेंडरसन आणि क्विनशॉन जडकिन्स, ३९ किंवा ४१ ला यातला एखादा उरू शकतो. रनिंग बॅक आपल्याला पाहिजेच, स्विफ्ट आणि रोशॉन जॉन्सनवर भागणार नाही, फक्त तो शुक्रवारी, म्हणजे दुसऱ्या राऊंडला घ्या.

प्रश्न : डिफेन्सकडे कोणाचं लक्ष आहे की नाही? माँटेझ स्वेटच्या समोरच्या बाजूला कोण? – श्रीराम, शॉम्बर्ग

आहे ना. डायो ओडेयिंगबोला कोल्ट्सकडून आणलं, तीन वर्षं ४ कोटी ८० लाख डॉलर, आणि आत ग्रेडी जॅरेट. स्वेट आपला एज रशर, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, त्याचे २०२३ मध्ये साडेबारा सॅक होते, मागच्या वर्षी साडेपाचवर आले, त्यामुळे दुसऱ्या बाजूने दडपण येणं गरजेचं आहे हे मान्य. पण ओडेयिंगबोला एवढा पैसा दिलाय तर आधी त्याला बघूया. टॅकल सगळे संपले आणि जॉर्जियाचा जेलन वॉकर समोर असला तर घ्यावा, नाहीतर एज रशर या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या राऊंडपर्यंत मिळतील. मला उलट सेफ्टीची, म्हणजे डिफेन्सच्या सगळ्यात मागच्या खेळाडूंची, काळजी जास्त आहे, ब्रिस्कर आणि बायर्ड दोघांचेही करार याच सीझननंतर संपतायत आणि ब्रिस्करला तर डोक्याला मार लागून बराच काळ बाहेर बसावं लागलं. ७२ व्या नंबरला सेफ्टी आला तर मला आनंद होईल.

प्रश्न : कोल कमेट असताना टायलर वॉरन, कोल्स्टन लव्हलँड अशी टाइट एंडची नावं का येतायत? – निखिल (पुन्हा मीच)

कारण जॉन्सन. डेट्रॉइटला सॅम लापोर्टा हा टाइट एंड (लाईनशेजारी उभा राहून ब्लॉकही करतो आणि बॉलही पकडतो तो) आल्यापासून त्यांचं ऑफेन्स कसं खुललं ते आपण वर्षातून दोनदा समोर बसून बघितलंय. कमेट ब्लॉकिंगला चांगला, भरवशाचा, पण मधून पळत सुटून डिफेन्सची झोप उडवेल असा नाही. केलेबला लवकर बॉल सोडायला मधे एक मोठा, सोपा टार्गेट मिळाला तर सॅक आपोआप कमी होतील, हा विचार चुकीचा नाहीच. टॅकल नसेल तर माझ्या यादीत पुढचं नाव टाइट एंडचं आहे, जेंटीच्या आधी.

प्रश्न : ताई, मी १९८५ च्या टीमपासून बेअर्स बघतोय. क्वार्टरबॅक म्हणून ट्रुबिस्की झाला, फील्ड्स झाला. २०११ च्या जानेवारीनंतर २०२५ पर्यंत एक प्लेऑफ जिंकलो नाही. आता पोल्सवर विश्वास का ठेवायचा? – एक काका, शॉम्बर्ग

काका, तुमचं दुखणं मला कळतं. २०१७ ला दुसऱ्या नंबरवर जाण्यासाठी पिक्स उधळले आणि ट्रुबिस्की घेतला, मॅहोम्स त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्याला गेला. आजपर्यंत बेअर्सच्या एकाही क्वार्टरबॅकने एका सीझनमध्ये ४००० यार्ड्स टाकलेले नाहीत, बाकी ३१ टीम्सकडे असा एक तरी आहे. फेब्रुवारीत टीमच्या मालकीण व्हर्जिनिया मकॅस्की गेल्या, १०२ वर्षांच्या होत्या, बेअर्सचे संस्थापक जॉर्ज हालास यांची मुलगी, त्यांनी लीगचं जवळपास सगळं आयुष्य बघितलं, आणि शेवटची वर्षं अशी गेली याचं मला फार वाईट वाटतं.

पण पूर्वी प्रत्येक वेळी आपण क्वार्टरबॅक आधी आणला आणि त्याच्यापुढे कोण उभं राहणार हा विचार नंतर केला. फील्ड्सच्या वेळी तेच, आणि खरं सांगायचं तर केलेबच्या पहिल्या वर्षीही तेच केलं, आणि ते पोल्सनीच केलं, त्यांना त्यातून सोडता येत नाही. या मार्चमध्ये पहिल्यांदा क्रम सरळ झालाय. आधी लाईनला ओळखणारा कोच, मग लाईनवर पैसा, आणि आता दहाव्या नंबरला घाबरून कोणाला उचलायची गरज नाही. विश्वास ठेवा असं म्हणणार नाही काका, पण शुक्रवारपर्यंत कोणकोणत्या जागांसाठी माणसं घेतली ते बघा, त्यावरून तुम्हालाच कळेल.

प्रश्न : मागे जाऊन, ट्रेड डाऊन करून जास्त पिक्स घ्यावेत का? – अमेय (अजून एक!)

दहावरून नको, टॅकल हातचा जाईल. ४१ वरून मात्र नक्की विचार करावा. ७२ नंतर थेट १४८, मधे चौथा राऊंडच नाही, तो मागच्या वर्षी ऑस्टिन बुकरला घेताना बफेलोला दिला. मधले ७५ नंबर बघत बसण्यापेक्षा ४१ वरून दहा-पंधरा जागा मागे सरकून मधलं काहीतरी मिळवलं तर सेफ्टी पण होईल आणि रनिंग बॅक पण.

प्रश्न : भारतातून बघायचं तर वेळ काय? – सुनीता, पुणे

पहिला राऊंड तुमच्याकडे शुक्रवारी २५ एप्रिलला पहाटे साडेपाचला सुरू. बेअर्सचा नंबर यायला तास-दीड तास तरी जाईल, मधे कोणी ट्रेड केलं तर पुढेमागे होईल. दुसरा आणि तिसरा राऊंड शनिवारी पहाटे साडेचारला, ३९ आणि ४१ त्यात लवकरच येतील. उरलेले चार राऊंड शनिवारीच रात्री साडेनऊपासून. एकच दिवस जागायचं असेल तर शनिवारची पहाट निवडा, मुलाला पण फोन करा, त्याच्याकडे तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ असेल.