नवऱ्याला पुढे पाठवू नकोस

तू खारघरची, पाचवा महिना लागलाय, पहिलंच बाळ. नवऱ्याला जर्मनीत ड्युसेलडॉर्फला नोकरी मिळालीय आणि घरात सगळ्यांचं ठरलंय की त्याने पुढे जाऊन घर बघावं, तू आईकडे बाळंतपण करून तीन महिन्यांचं बाळ घेऊन मागून जावं. हे बरोबर आहे ना, असं तू विचारलंस. व्हिसा, भाषेची परीक्षा, घर मिळवणं, हे दूतावासाच्या पानावर आणि इतर हजार ठिकाणी मिळेल, त्यात मी शिरत नाही. तुझा प्रश्न वाचल्यापासून मला स्वस्थता नाही, कारण आमचाही बेत अगदी हाच होता.

माझं माहेर ठाण्याला, मानपाड्याला. नवरा ऐरोलीत नोकरीला होता. राजीनामा देऊन तो जूनमध्ये इकडे, जर्मनीत, रुजू झाला. माझी तारीख १५ ऑक्टोबर होती. ऑगस्टमध्ये आईने हौसेने डोहाळजेवण केलं आणि पुढच्याच आठवड्यात माझी पाठ दुखायला लागली. दुखायची, थांबायची, पुन्हा दुखायची. आई म्हणाली, दगदग झाली, आणि ओव्याचं पाणी दिलं. मावशी म्हणाली, खोट्या कळा असतील. रात्री पाणी गेलं. एकतिसावा आठवडा होता. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी पाठ किंवा ओटीपोट असं थोड्या थोड्या वेळाने आवळून सुटायला लागलं, किंवा पाण्यासारखं काही जायला लागलं, तर घरातल्या कुणालाही विचारत बसू नकोस. सरळ दवाखाना गाठ.

जिथे नाव घातलं होतं त्या नर्सिंग होममध्ये एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, नव्हता. डॉक्टर चांगल्या, घरापासून जवळ, एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि नाव घालताना तिथेही कुणी ते सांगितलं नाही. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं पहिलं इंजेक्शन देऊन त्यांनी मला रात्रीच मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. बाहेर धो धो पाऊस, घोडबंदर रोडवर खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याला मी पोट दोन्ही हातांनी धरून ठेवत होते. बाळ पोटात असतानाच हलवलं हे फार बरं झालं असं डॉक्टर नंतर म्हणाले. जन्मल्यावर हलवणं जास्त जोखमीचं असतं.

दुसरं इंजेक्शन २४ तासांनी द्यायचं होतं. तोवर कळा थोपवायला गोळ्या चालू होत्या. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मी देवाचं नाव घेतलं नाही, काहीच केलं नाही, फक्त त्या काट्याकडे बघत राहिले. दुसरं इंजेक्शन झालं आणि मग कुणीच काही थोपवू शकलं नाही. मुलगी झाली, १४२० ग्रॅमची. एकदा रडली. तो आवाज ऐकला तेवढाच, मग तिला नेलं.

पाचवी पुजली ती बाळाशिवाय. बारसं झालंच नाही. फोनवर लोक पेढे मागत होते आणि आई त्यांना काय सांगावं हे न कळून फोन माझ्याकडे द्यायची. मशीनवर दूध काढून बाटलीवर तारीख-वेळ लिहायची, बाबा ती बर्फाच्या पिशवीत ठेवून स्कूटरवर घेऊन जायचे. त्यातलं दोन-दोन मिली नळीने तिच्या पोटात जायचं. (दूध आलंच नाही तर घाबरू नकोस. सायनच्या टिळक रुग्णालयात १९८९ पासून दुधाची पेढी आहे, दात्या आयांचं दूध तपासून, पाश्चराइझ करून देतात. तुझ्या हॉस्पिटलची अशी काही सोय आहे का हे आधीच विचारून ठेव.) पुढे कांगारू केअर सुरू झाली. बाळ उघड्या छातीशी धरून तासन्‌तास बसायचं. मला ताप आला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, घरातलं दुसरं कुणीही चालेल, वडील असतील तर उत्तम. वडील नव्हते. माझी आई, जी आमच्यासमोरही कधी पदर ढळू द्यायची नाही, ती पुढून उघडा गाऊन घालून त्या खुर्चीत बसली आणि माझी मुलगी तिच्या छातीवर झोपली.

नवरा हे सगळं भावाच्या फोनवर काचेपलीकडून बघत होता. नोकरीत नवा, प्रोबेशन चालू. तो आला तेव्हा बाळ दोन आठवड्यांचं झालं होतं, आणि लगेच परतही गेला. त्याची चूक नव्हती, मला माहीत आहे, आणि तरीही आज भांडण कपडे वाळत घालण्यावरून सुरू झालं तरी माझ्या मनात तिथेच जाऊन पोचतं. हे मी त्याला कधी बोलून दाखवलेलं नाही.

पैशाचंही ऐक. त्याच्या कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर, शेवटच्या दिवशी संपला होता. एनआयसीयूचं बिल सासऱ्यांनी मुदत ठेवी मोडून भरलं. बाळाला घरी सोडेपर्यंत महिन्याहून जास्त दिवस गेले.

मग कागद. माझ्या आधारवर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, आणि हॉस्पिटलच्या फॉर्मवर भावाने त्या गडबडीत आधार बघून लिहिलेलं. जन्मदाखल्यात आईचं नाव पासपोर्टशी जुळेना. प्रतिज्ञापत्र, खेटे, ‘साहेब आज नाहीत’. तुझ्या सगळ्या कागदांवर एकच नाव आहे का ते आजच बघ. बाळाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते, म्हणजे नवऱ्याने इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन कागद साक्षांकित करून पाठवायचा. आणि फोटोत बाळाचे डोळे उघडे हवेत! लवकर जन्मलेली बाळं दिवसभर झोपतात. नौपाड्याच्या स्टुडिओत काउंटरवर पांढरी चादर टाकून मी तिच्या तळपायाला गुदगुल्या करत होते, फोटोग्राफर कॅमेरा रोखून उभा, आणि बाई जाग्या होईनात.

त्या दाखल्यावरची ऑगस्टची तारीख आम्हाला अजून छळते. डॉक्टर दोन वर्षांपर्यंत मुलाचं वय ड्यू डेटपासून मोजतात, शाळा मोजत नाही. इथे जर्मनीत आमच्या राज्यात (नॉर्थ राइन-वेस्टफालिया, ड्युसेलडॉर्फही यातच) ३० सप्टेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण झाली की त्याच वर्षी शाळा सक्तीची. वेळेवर जन्मली असती तर माझी मुलगी पुढच्या वर्षी गेली असती. वर्षभर थांबू द्या म्हणून आम्ही अर्ज केला. त्याला आरोग्याचं भक्कम कारण लागतं. तपासणीत तिला नीट दिसतं, ऐकू येतं, वजन बरं आहे, म्हणून नकार. जी ठणठणीत व्हावी म्हणून आम्ही जिवाचं रान केलं, ती ठणठणीत आहे म्हणून नकार. आता दुसरीत आहे, वर्गात सगळ्यांत लहान, आणि बाई दर बैठकीत सांगतात की ती मागे पडते, स्वप्नात असते. मी गप्प ऐकून घेते आणि घरी येऊन चिडते.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. पहिला हिवाळा वाईट जातो, मग माणसं मिळतात. त्याची काळजी आत्ता नको.

माझं मत मागितलंस म्हणून स्पष्ट लिहिते. अठ्ठावीस आठवड्यांनंतर तुम्ही दोघं एका गावात असा. तुमच्या डॉक्टर हो म्हणत असतील तर त्याआधी दोघांनी मिळून इकडे या. सरकारी आरोग्य विम्यात नवऱ्याबरोबर तुझं नाव वेगळा हप्ता न भरता लागतं, आणि हॉस्पिटल निवडताना नवजात अतिदक्षता विभाग असलेलंच निवड. बाळंतपणानंतर घरी येऊन आई-बाळाला बघणारी सुईण इथे लवकर मिळत नाही, तिचा शोध आत्ताच सुरू कर. तुझा व्हिसा वेळेत आला नाही तर त्याने रुजू व्हायची तारीख पुढे मागावी. मागितली तर बऱ्याच कंपन्या देतात. आणि तिथेच, आईकडे, बाळंतपण करायचं ठरलं तर एनआयसीयू असलेल्या ठिकाणी नाव घाल, आणि जुना मेडिक्लेम संपायच्या आत काय करता येतं ते विचारून घे. बाळ लवकर आलंच तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी महिना पूर्ण व्हायच्या आत करून घे. घरी सोडलं की ती राहून जाते, आणि उशीर झाला तर नजर जाऊ शकते.

आईला वाईट वाटेल, माझ्याही आईला वाटलं असतं. तिला बाळंतपणाच्या वेळी इकडे बोलावता येतं, तिचा व्हिसाही आत्ताच बघायला घ्या. तुझी ड्यू डेट तू लिहिली नाहीस. ती आणि नवऱ्याची रुजू व्हायची तारीख मला कळव, इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ मी फोन करून तुझ्या नावाने घेऊन ठेवते. नाव पासपोर्टवर आहे तसंच पाठव.