दोन पगार, तीन वर्षांची मुलगी: मुंबईत महिन्याचा हिशोब कसा बसवायचा?

तुम्ही विचारलंय की यजमानांची नाशिकहून लोअर परळला बदली झाली आहे, त्यांचे हातात ₹85,000 येतील आणि तुम्हाला ₹35,000 ची नोकरी मिळू शकेल. मुलगी तीन वर्षांची आहे. डोंबिवलीत भाडं कमी, तर तिथेच भाड्याने घर घ्यावं का?

माझं मत असं की भाडं सगळ्यात शेवटी बघा. मुलगी दिवसभर कुठे राहणार आणि संध्याकाळी तिला कोण आणणार, हे आधी ठरवा. बहुतेक पाळणाघरं सात-साडेसातला बंद होतात. लोअर परळहून सहाला निघालेला माणूस जवळच्या करी रोड स्टेशनवर धीमी लोकल पकडतो, कारण जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. मग दादरला उतरून जलद गाडी, तीही गर्दीमुळे एखादी सोडावी लागते. डोंबिवलीत घरी पोहोचेपर्यंत आठ वाजतात. मग पाळणाघराला उशिराचे पैसे द्यायचे, नाहीतर मुलीला आणायला वेगळी बाई ठेवायची. आजारपणाचे दोन-तीन आठवडे गेले की दोघांपैकी एकाची नोकरी सुटते, आणि ती बहुधा आईचीच असते. भाड्यात आठ-दहा हजार वाचवण्यासाठी ₹35,000 चा पगार जाणं परवडणारं नाही.

म्हणून घर ठाण्यात किंवा मुलुंडला बघा आणि तुमची नोकरीही त्याच पट्ट्यात शोधा, म्हणजे तुम्ही पाळणाघरापासून अर्ध्या तासावर असाल. ज्या कंपनीत 50 किंवा जास्त कर्मचारी आहेत, तिने पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता येतं. ही तरतूद 2017 मध्ये आली. मुलाखतीच्या शेवटी हे जरूर विचारा, संकोच करू नका. आणि पाळणाघराची फी तुमच्या पगारातून वजा करून 'मग उरतं काय' असं म्हणू नका. तो खर्च दोघांचा आहे.

आता भाडं. ₹26,000 धरा, जुन्या इमारतीतला वन बीएचके. येताना किमान दोन लाख रोख हाताशी हवेत: तीन-चार महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याची दलाली, पहिलं भाडं, टेम्पो, किरकोळ दुरुस्ती. लिव्ह अँड लायसन्स कराराची, म्हणजे घर भाड्याने घेण्याच्या कराराची, नोंदणी सक्तीची आहे. मुद्रांक शुल्क मुदतीतलं एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्के व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के लागतं. अकरा महिन्यांसाठी ते सातशे-साडेसातशे रुपये होतं आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी ₹1,000. एजंट यापेक्षा खूप जास्त मागत असेल, तर सरकारी रक्कम आणि त्याची मजुरी वेगवेगळी लिहून मागा.

फसगत मुदतीत होते. करार अकरा महिन्यांचाच केला आणि मालकाने पुढे नाही म्हटलं, तर पुन्हा दलाली ₹26,000 आणि टेम्पो-हमाली ₹7,000, म्हणजे ₹33,000. अकरा महिन्यांत वाटले तर दरमहा ₹3,000 छुपं भाडं. शिवाय शाळा लांब पडते ते वेगळंच. म्हणून 33 किंवा 36 महिन्यांचा करार मागा, भाडेवाढीचा टक्का त्यातच लिहून घ्या. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो, म्हणून सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. ते तुमच्यावर येऊ नये म्हणून 'मेंटेनन्स व सोसायटीची सर्व शुल्कं मालक भरेल' हे वाक्य करारात हवं. हेवी डिपॉझिटच्या, म्हणजे मासिक भाड्याऐवजी लाखोंची अनामत एकदम देण्याच्या, नादी मात्र लागू नका. मालकाने त्या घरावर कर्ज काढलं असेल आणि हप्ते थकले, तर बँक घर ताब्यात घेते आणि तुमचे लाखो रुपये अडकतात.

बाकीचा महिना साधारण असा बसतो: पाळणाघर ₹10,000, किराणा-दूध-भाजी ₹16,000, वीज-गॅस-इंटरनेट-फोन ₹4,500, धुणीभांडी ₹3,000, दोघांचा प्रवास ₹5,000, औषधपाणी ₹3,000, आरोग्य विमा ₹2,500. लोकलचा पास तिमाही काढा. तो मासिकच्या 2.7 पट असतो, वार्षिक 10.8 पट.

शाळेचा खर्च लोक महिन्यात धरत नाहीत आणि जूनमध्ये क्रेडिट कार्ड वापरतात. फी ₹60,000, बस ₹18,000, गणवेश-वह्या-सहल ₹6,000 धरली तर ₹84,000, म्हणजे महिन्याला ₹7,000. हे जुलैपासून वेगळ्या खात्यात टाकत जा. बसचे पैसे दहा महिन्यांचे की बारा, हे प्रवेशाआधी विचारा. भाड्यासकट एकूण झाले ₹77,000. दोन पगारांत ₹43,000 उरतात. तुम्ही घरी राहिलात तर पाळणाघर आणि तुमचा प्रवास वगळून खर्च ₹65,000 च्या आसपास येतो आणि वीसेक हजार उरतात. म्हणजे एका पगारातही भागतं, पण एका आजारपणात शिल्लक संपते. कंपनीकडून आरोग्य विमा मिळत असला तरी स्वतःचा वेगळा घ्या, असं मी म्हणतो ते याचसाठी.

नर्सरीसाठी 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण लागतात. बऱ्याच खासगी शाळांचे अर्ज आदल्या वर्षीच सुटतात, त्यामुळे मे महिन्यात येऊन शोधलं तर उरलेल्या जागाच मिळतात आणि त्या बहुधा महागड्या शाळांत असतात. बदलीची तारीख कळली की ठाणे-मुलुंडच्या चार शाळांना फोन करा. महापालिकेच्या सीबीएसई शाळाही यादीत ठेवा, तिथे शिक्षण मोफत आहे. पण मुंबई महापालिकेची हद्द मुलुंडला संपते, ठाण्यातली महापालिका वेगळी. घर बघताना हे लक्षात असू द्या.