फोर्क केला, बग काढला, तरी बिल्डमध्ये जुनाच कोड का येतो?

पॅकेजचा मूळ मेन्टेनर (ते सांभाळणारा) गायब आहे, तुम्ही फोर्कमध्ये, म्हणजे त्या कोडच्या स्वतःच्या प्रतीत, दुरुस्ती केली आणि तरी जुनाच बग दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या कोडने नवं पॅकेज घेतलं असेल, पण तुम्ही वापरता ती इतर पॅकेजं अजून जुनंच नाव मागतायत. पॅकेजं आणून बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरच्या लेखी तुमचा फोर्क हे वेगळंच पॅकेज आहे.

आधी जुनं नाव कोण ओढून आणतंय ते शोधा: रस्टच्या कार्गोत 'कार्गो ट्री -आय', जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये 'एनपीएम एलएस', पुढे पॅकेजचं नाव. मग नाव तेच ठेवून आतला कोड बदलायचा. त्यासाठी रस्टमध्ये 'पॅच', गो भाषेत 'रिप्लेस', एनपीएम 8.3 पासून 'ओव्हरराइड्स'. पॅच लावताना आवृत्ती जपा. बाकीचे 1.4 मागत असतील तर फोर्कला 1.4.3 द्या. उत्साहात 2.0 दिलंत तर कार्गो 'पॅच वापरला गेला नाही' एवढीच सूचना देऊन जुना कोड लावतो, आणि ती ओळ कुणी वाचत नाही. गोमध्ये फोर्कच्या गो.मॉड फाइलमधली मॉड्यूलची (पॅकेजचं नाव सांगणारी) ओळ बदलू नका, नाहीतर रिप्लेस अडू शकतो. मात्र न बदलल्यास तो फोर्क कुणाला त्याच्या स्वतःच्या पत्त्यावरून थेट 'गो गेट' या कमांडने घेता येत नाही.

हे तिन्ही उपाय फक्त सर्वात वरच्या प्रोजेक्टमध्ये चालतात. तुम्ही स्वतः लायब्ररी प्रकाशित करत असाल तर तुमच्या वापरकर्त्यांपर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. तेव्हा फोर्क नव्या नावाने प्रकाशित करायचा आणि मधल्या प्रत्येक पॅकेजच्या मेन्टेनरला ते नाव घ्यायला लावायचं. फोर्क रखडतात ते इथेच.

पायथनचा पॅकेज मॅनेजर पिप एका नावाच्या जागी दुसऱ्या नावाचं पॅकेज लावत नाही. उदाहरणार्थ, एन्क्रिप्शनच्या पायक्रिप्टो या पॅकेजची शेवटची आवृत्ती 2013 ची. तिचा फोर्क पायक्रिप्टोडोम त्याच 'क्रिप्टो' फोल्डरमध्ये बसतो, त्यामुळे इम्पोर्ट (कोडमध्ये पॅकेज मागवणाऱ्या ओळी) बदलावे लागत नाहीत. पण दोन्ही एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये (पॅकेजं बसवायच्या एकाच जागेत) आली की एकमेकांच्या फाइली पुसतात, आणि एक काढलं की दुसरंही मोडतं. म्हणून त्याच फोर्कचं दुसरं रूप, पायक्रिप्टोडोमेक्स, वेगळ्या फोल्डरात बसतं. त्यात धोका नाही, पण सगळे इम्पोर्ट बदला.

डेबियन या लिनक्स प्रणालीत हे जास्त नीट सोडवलंय: 'प्रोव्हाइड्स', 'कॉन्फ्लिक्ट्स' आणि 'रिप्लेसेस' या तीन ओळींत फोर्क स्वतःच सांगतो की मी कुणाची जागा घेतो. पीएचपीच्या कंपोझर या पॅकेज मॅनेजरमध्येही 'रिप्लेस' आहे, फक्त तिथे मुख्य प्रोजेक्टने फोर्क नाव घेऊन मागावा लागतो.